तिटकाऱ्याचं वाक्य

भोरमध्ये नीरा नदीकडे उतरणाऱ्या एका आळीत, शेवटून दुसऱ्या घरात, जलाल मुलाणी नावाचे मास्तर राहत असत. संस्थानी अंमलाच्या दिवसांतली, एकोणीसशे पस्तीसच्या आगेमागची ही गोष्ट. मास्तर मूळचे किकवीचे. पुण्यात मामाच्या घरी राहून इंग्रजी शिकले आणि परत येऊन शाळेत शिकवायला लागले. लग्न झालं होतं. बायको रहमतबी मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, तेव्हा संसार नीट मांडूनही झाला नव्हता. दुसरं लग्न करा, असं लोकांनी काही वर्षं सांगितलं. मास्तर ‘बघू’ म्हणत राहिले आणि हळूहळू लोकांनी सांगायचं सोडून दिलं.

माणूस टापटिपीचा. कोट एकच, पण त्याची गुंडी कधी तुटलेली दिसली नाही. छत्री ठरल्या खुंटीला, चपला ठरल्या जागी. शाळा सुटली की नदीवर एक फेरी, मग घर, मग कंदिलाची काच पुसणं. सणाला शेजारीपाजारी बोलवत, मास्तर जात, जेवत, ‘छान झालं होतं’ म्हणत आणि लवकर निघत. त्यांच्या घरात मोठ्यानं बोललेलं कधी कुणी ऐकलं नव्हतं. अपवाद फक्त सकाळचा.

सकाळी शाळेआधी मास्तरांच्या सोप्यात इंग्रजीची शिकवणी चाले. रीत अशी होती: रोज एक नवा शब्द. मास्तर तो फळ्यावर लिहीत, अर्थ सांगत, कुठं वापरायचा आणि कुठं नाही ते सांगत. मग प्रत्येक मुलानं त्या शब्दाचं एक वाक्य करायचं. शेवटी मास्तर स्वतःचं एक वाक्य देत, आणि ते सगळ्यांनी मिळून घोकायचं. आधी इंग्रजीत, लगेच मराठीत, पुन्हा इंग्रजीत, पुन्हा मराठीत. पोरं मांडीवर थापा मारून ताल धरत. सोप्याची खिडकी आळीवर उघडे, त्यामुळे रोजचं वाक्य साऱ्या आळीलाच पाठ होई.

वाक्याला मास्तरांची एकच अट होती. वाक्य खरं पाहिजे.

“खोट्या वाक्यातला शब्द डोक्यात राहत नाही,” ते म्हणत. “‘माझ्याकडे हत्ती आहे’ असं लिहिलंस, तर उद्या हत्तीही विसरशील आणि इंग्रजीही.”

आळीतलं शेवटचं घर फुलाबाईचं. ती गुंजवण्याची. नवरा गेल्यावर दिराच्या घरात राहायला तिचं मन घेईना, म्हणून भोरला येऊन एक म्हैस पाळून राहिली होती. गावाकडची नाचणी पुतण्या ज्ञानू वर्षातून एकदा आणून टाकी. त्यापलीकडे तिच्याकडेही कुणी येत नसे. वयानं ती मास्तरांपेक्षा मोठी. मास्तर तिला मावशी म्हणत.

एका हिवाळ्यात मास्तर हिवतापानं पडले. शिकवणी बंद, घोकंपट्टी बंद. आळीला चुकल्यासारखं झालं, पण उठून आली ती फुलाबाई. रात्री नाचणीचं पीठ ताकात भिजवून, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवलेली आंबील तिनं आणली. मास्तरांचं पातेलं ओट्यावर ठेवायला लावलं आणि वरून ओतली. तिच्या तांब्याची कड त्यांच्या पातेल्याला लागली नाही. आळीची रीत होती ती. दोघांना ठाऊक होती आणि दोघांनीही कधी बोलून दाखवली नाही.

ताप उतरल्यावर मास्तर सभ्यपणानं म्हणाले, “मावशी, तुमच्या आंबिलीनं उठलो. फार छान होती.”

हे म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आंबील आली. तिसऱ्या दिवशी आली. आणि मग काही वर्षं येतच राहिली.

मास्तरांना आंबील मुळीच आवडत नसे. नुसतं आवडत नसे असं नाही. त्या आंबूस वासानं त्यांच्या अंगावर काटा येई. त्याला काही कारण नव्हतं. तरी रोज पहाटे ते पातेलं घासून ओट्यावर ठेवत, आणि फुलाबाई ते भरून गेली की दार लावून, डोळे मिटून, एका दमात पिऊन टाकत. कारण आंबिलीबरोबर आणखीही काही येत असे.

“काल लई खोकत व्हता, मास्तर.”

“धूळ फार आहे, मावशी.”

“धूळ कसली. त्यो कोट झटकत जा जरा. आन ही टोपी उनात घाला, वास मारतीया.”

बस, एवढंच. ओतेपर्यंत जेवढं बोलून होई तेवढं. मग ती म्हशीकडे वळे. दिवसभरात मास्तरांशी पुष्कळ लोक बोलत, पण ते हजेरीबद्दल, फळ्याबद्दल, परीक्षेबद्दल. मास्तर काल खोकले हे सांगणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

अशात एके सकाळी शिकवणीत ‘डिटेस्ट’ हा शब्द आला.

मास्तरांनी नेहमीच्या नेटकेपणानं समजावून दिला. “डिसलाइक म्हणजे नावड. ताट बाजूला सारतो, ती नावड. हेट म्हणजे द्वेष. त्यात राग असतो, त्याला कारण असतं. डिटेस्ट म्हणजे तिटकारा. त्याला कारण लागत नाही. ताट समोर आलं की अंगावर काटा येतो, तो तिटकारा. आणि एक लक्षात ठेवा. ‘आय ॲम डिटेस्टिंग’ असं म्हणायचं नाही. जेवतोय, चालतोय, तसा तिटकारा करतोय असं होत नसतं. तो आपल्यात मुक्कामालाच असतो.”

मग मुलांची वाक्यं झाली. एकाला गणिताचा तिटकारा होता, एकाला थंड पाण्याच्या अंघोळीचा. सोनबा नावाच्या पोरानं थोरल्या भावाचे जुने सदरे घालण्याचा तिटकारा सांगितला आणि सगळे हसले, कारण तेव्हाही त्याच्या अंगात तसलाच सदरा होता.

“मास्तर, आता तुमचं,” सोनबा म्हणाला.

मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. तिटकारा यावा असं त्यांच्या आयुष्यात काय होतं? माणूस तर कुणीच नव्हता. कुणाचा वीट यायचा म्हटलं तरी तो माणूस घरात वावरायला लागतो. वरिष्ठांचा, सहकाऱ्यांचा राग येई, पण तो शाळेच्या दारातच ओसरे. त्यांची नजर खिडकीतून ओट्यावर गेली. पिऊन बाहेर ठेवलेलं सकाळचं पातेलं अजून तिथंच होतं, कडेला नाचणीचा पापुद्रा वाळला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. वाक्य खरं पाहिजे. मास्तरांनी खडू उचलला आणि लिहून टाकलं.

पोरांना वाक्य भलतंच आवडलं. थापांचा ठेका जोरात बसला.

“आय डिटेस्ट आंबील! मला आंबिलीचा तिटकारा आहे! आय डिटेस्ट आंबील! मला आंबिलीचा तिटकारा आहे!”

शिकवणी संपली तेव्हाही मास्तरांच्या काही ध्यानात आलं नाही. वाक्य चांगलं जमलं म्हणून ते थोडे खुशीतच शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी पातेलं रिकामं राहिलं. मावशीला बरं नसेल, असं वाटून मास्तर पायरीवर येऊन बघतात तर फुलाबाई भिंतीला गोवऱ्या थापत होती.

“मावशी, आज…”

“पीठ न्हाई भिजवलं,” ती मान न वळवता म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर कोपऱ्यावरच्या कोंडिबाच्या दुकानात रॉकेल घ्यायला गेले. कोंडिबा मापातून ओतता ओतता म्हणाला, “मास्तर, आमची सून दळताना काय म्हंती ठावं हाय का? ‘आय डिटेस्ट आंबील.’ जात्यावर लई झ्याक बसतंय बगा.”

मास्तरांनी खिशातून पैसे काढले.

“इंग्रजी आमाला न्हाई कळत,” कोंडिबा बाटलीला बूच मारत म्हणाला. “पर मराठीत बी सांगितलं की पोरांनी. आन ती फुलाबाई तवा तुमच्या खिडकीखालीच शेण कालवत व्हती. निस्ती बसून राह्यली.”

मास्तर घरी आले. रॉकेलची बाटली जागेवर ठेवली. टोपी काढली, पुन्हा घातली आणि फुलाबाईच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ती म्हशीपुढं कडबा टाकत होती.

“मावशी, ते शिकवायचं वाक्य होतं.”

“व्हय.”

“मुलांना शब्द समजावा म्हणून.”

“खोटं व्हतं का?”

फुलाबाईनं कडब्याची पेंढी खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवले. “रोज आईकते की म्या. पोरांना सांगता, खरंच वाक्य करा. मंग ह्ये खोटं कसं आसंल?”

“खरं होतं,” मास्तर म्हणाले.

“मंग इतकी वर्सं पीत कशापायी व्हता?”

मास्तर म्हशीकडे बघत राहिले.

“म्या म्हनायची, येकटा मानूस हाय, कुनीतरी घातलं पायजे. आन तुमी म्हनत व्हता, म्हातारी येकटी हाय, कुनीतरी प्यालं पायजे. आसंच ना?” तिचा आवाज चढला नव्हता. “म्हंजी दया म्या करत नव्हते. तुमी करत व्हता. मला आपलं उगंच वाटत व्हतं.”

“तसं नाही, मावशी.”

“मंग कसं?”

कसं ते मास्तरांना माहीत होतं. तुम्ही बोलता म्हणून. एवढे तीन शब्द होते. पण साऱ्या आळीसमोर, दिवसाढवळ्या, एका विधवा बाईच्या दारात उभं राहून ते शब्द तोंडातून बाहेर काढायची मास्तरांना कधी सवय झालेली नव्हती. ते “येतो” म्हणाले आणि परत आले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक उपाय करून पाहिला. ‘रेलिश’ हा शब्द फळ्यावर घेतला. रेलिश म्हणजे चवीनं, आवडीनं खाणं. आणि स्वतःचं वाक्य म्हणून आंबिलीचंच वाक्य दिलं. पोरं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. घोकलं, पण ठेका काही बसला नाही. घोकणं थांबलं तसा खिडकीबाहेरून फुलाबाईचा आवाज आला. ती म्हशीशी बोलत होती, पण साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं.

“आईकलंस का गं? आता खोटं बी घोकाया लागले.”

मास्तरांनी फळा पुसला. त्या दिवसानंतर ते पहाटे पातेलं ओट्यावर ठेवीनात.

सकाळी आता चहा होता, आणि पोटाला बरंही वाटत होतं. शिकवणी चालू होती. शाळा चालू होती. नदीवरची फेरी चुकली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मास्तरांच्या आयुष्यात काहीही कमी झालेलं दिसलं नसतं. पण चहा गाळताना ते कधीकधी गाळणं हातात धरून नुसतेच उभे राहत. खोकला आला की तो संपल्यावर क्षणभर कान देत. मग आपणच कोट झटकत. टोपी उन्हात घालत, आणि ती उन्हात घातलेली कुणाला दिसली का हे बघायला एकदा बाहेर डोकावत. फुलाबाई समोरून गेली तर मान लववून “मावशी” म्हणत. तीही “मास्तर” म्हणून पुढं जाई. दोघांच्याही बोलण्यात वावगं काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास कल्हईवाला आळीत आला. त्यानं भाता मांडला, बायका भांडी घेऊन जमल्या. मास्तरांनी कोनाड्यात पालथं घातलेलं पातेलं काढलं आणि तेही नेऊन दिलं. परत आलं तेव्हा आतून आरशासारखं लखलखत होतं. मास्तरांनी ते पुन्हा कोनाड्यात पालथं घातलं.

“त्याला कशापायी कल्हई, मास्तर?” कोंडिबानं विचारलं. “वापरात तर न्हाई दिसत.”

“भांडं आहे,” मास्तर म्हणाले. “खराब होतं.”

फुलाबाईही त्या बायकांत उभी होती. तिनं ऐकलं, आणि आपली परात उचलून निघून गेली.

त्या हिवाळ्यात मास्तरांना पुन्हा थोडा ताप आला. कुणाला कळण्याआधीच उतरला. शिकवणी त्यांनी एक दिवसही बंद ठेवली नाही. बंद ठेवली असती आणि तरी कुणी आलं नसतं तर, ही धास्ती तापापेक्षा मोठी होती.

वर्ष फिरलं. शिकवणीत नवी मुलं आली. जुन्यांपैकी एक सोनबा तेवढा राहिला होता, कारण तो परीक्षेत नापास झाला होता. शब्दांचा क्रम मास्तरांनी कधी बदलला नव्हता, तो त्यांना तोंडपाठ होता. तेव्हा ‘डिटेस्ट’ पुन्हा येणार होता आणि तो केव्हा येणार हे त्यांना आधीपासून दिसत होतं. गाळून पुढं जाता आलं असतं. पण क्रमातला शब्द गाळणं मास्तरांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी अर्थ सांगितला. नावड, द्वेष, तिटकारा. तिटकाऱ्याला कारण लागत नाही, असं म्हणताना मात्र ते थोडे अडखळले. मग म्हणाले, “कधीकधी लागतंही.” मुलांची वाक्यं झाली. या खेपेला सोनबाला परीक्षेचा तिटकारा होता.

“मास्तर, आता तुमचं,” तो म्हणाला, आणि मग आठवण होऊन त्यानं जीभ चावली. गेल्या वर्षीचं वाक्य त्यालाही पाठ होतं.

मास्तर फळ्याकडे वळले. गेल्या वर्षीचं वाक्य आजही खरंच होतं. पण वर्षभरात आणखी एक वाक्य खरं झालं होतं, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. बाहेर फुलाबाई गोवऱ्या थापत होती. भिंतीवर शेणाचा गोळा बसल्याचा थप-थप आवाज येत होता.

मास्तरांनी लिहिलं: ‘आय डिटेस्ट ॲन एम्प्टी पॉट.’ खाली मराठीत लिहिलं: ‘मला रिकाम्या भांड्याचा तिटकारा आहे.’

एका नव्या मुलानं विचारलं, “मास्तर, भांड्याचा कसा काय तिटकारा?”

“वाक्य खरं आहे,” मास्तर म्हणाले. “घोका.”

म्हणाले आणि घाईनं खिडकीशी गेले. एका हातानं त्यांनी खिडकीचं दार धरलं. ओढून घेतलं असतं तर वाक्य सोप्यातच राहिलं असतं. मुलं त्यांच्याकडे बघत थांबली होती. मास्तरांनी दारावरचा हात काढला, आणि खडूची पूड लागलेली बोटं धोतराला पुसली. हे असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

“हं, चला.”

“आय डिटेस्ट ॲन एम्प्टी पॉट! मला रिकाम्या भांड्याचा तिटकारा आहे!”

पोरांनी ठेका धरला. बाहेरची थप-थप थांबली. सोनबानं मुद्दाम आवाज चढवला. मास्तर खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. घोकणं संपलं तरी बाहेर काही हालचाल नव्हती. मग पुन्हा एक थप झाली, थोड्या वेळानं दुसरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तरांनी कोनाड्यातलं पातेलं काढलं, पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. आत येऊन चहाचं आधण चढवलं. मग ते उतरवलं. दार पूर्ण लावलं नाही. बसून राहिले. उजाडत चाललं तसा म्हशीच्या धारेचा आवाज आला, थांबला, बादली ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. मास्तर उठले आणि पातेलं आत घ्यावं म्हणून दाराशी आले, तर पायरीशी फुलाबाई तांब्या घेऊन उभी.

“सरका,” ती म्हणाली.

नेहमीसारखी तिनं वरून ओतली. नव्या कल्हईवर आंबील पसरली. वास आला.

“काल रातच्याला दोनदा खोकलात,” ती म्हणाली.

“हो.”

“येक इचारू? तिटकारा गेला का ऱ्हायलाय?”

“आहे, मावशी.”

“तरी ओतू?”

“ओता,” मास्तर म्हणाले. आणि मग, गेल्या वर्षी तिच्या दारात जे जमलं नव्हतं ते, पातेल्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही बोलता म्हणून पीत होतो.”

फुलाबाईचा तांब्या तसाच तिरका राहिला. उरलेली धार पातेल्यात पडून संपली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “मंग निस्तं बोलले आसते की. नाचणी तरी वाचली आसती.”

“नुसतं कसं बोलला असतात? हातात काही नसताना इथं कशा थांबला असतात?”

तिनं आळीकडे नजर टाकली. कोंडिबा दुकानाची फळी काढत होता आणि इकडेच बघत होता. “त्ये बी खरंच,” ती म्हणाली.

दर वेळी ती ओतून झालं की वळत असे. आज वळली नाही. तांब्या कमरेला लावून उभी राहिली.

“प्या. इथंच प्या, माज्या म्होरं. बगू तरी, इतकी वर्सं दार लावून कसलं तोंड करत व्हता त्ये.”

मास्तरांनी पातेलं दोन्ही हातांनी उचललं. डोळे मिटले आणि एका दमात पिऊन टाकलं. सगळं तोंड आवळून आलं, खांदे शहारले, टोपी एका बाजूला झाली. फुलाबाईनं पदर तोंडाला लावला; तरी हसू बाहेर आलंच, आणि मास्तरांच्या ओट्यावर ते बराच वेळ चाललं.

“उद्याच्याला मीठ जरा जास्त घालते,” ती डोळे पुसत म्हणाली. “उपेग काय व्हनार न्हाई, पर घालते.”

मग ती म्हशीकडे गेली. मास्तरांनी पातेलं घासून कोनाड्यात ठेवलं, पालथं न घालता. मुलं यायला अजून अवकाश होता. त्यांनी कोट झटकला आणि खिडकी उघडून बसले. पुढं सगळा दिवस पडला होता, कालच्यासारखाच, हजेरी-फळा-परीक्षेपलीकडे कुणी काही न बोलण्याचा. तोंडातली आंबूस चव मात्र जात नव्हती, आणि मास्तरांनी चूळही भरली नाही.